वादळानंतरची हजेरी

हेस्टर नावाचं वादळ रात्रभर धुमाकूळ घालून उत्तरेकडे निघून गेलं, आणि उजाडताच 'खाडीकाठचे पाखरूवेडे' या गटावर हजेरी सुरू झाली.

हा गट म्हणजे दक्षिण लुईझियानातली पक्षी बघणारी हजारेक माणसं. फोनवर भेटायचं, फोनवरच भांडायचं आणि वर्षातून एकदा खेकडे उकडायच्या निमित्ताने एकमेकांची खरी तोंडं बघायची, एवढाच त्यांचा संसार. वादळानंतर एकमेकांची खबर घ्यायची त्यांची एक खास रीत होती. "मी ठीक आहे" असं कुणी लिहायचं नाही. वादळ सरल्यावर पहिलं जे पाखरू दिसलं त्याचं नाव लिहायचं. नाव आलं म्हणजे माणूस सुखरूप, मग त्याचं छप्पर उडालेलं का असेना. गटाचा कारभारी प्रेस्टन फोंटेनो प्रत्येक नावापुढे हिरवी खूण करायचा. हा प्रेस्टन म्हणजे दातांचा निवृत्त डॉक्टर, बॅटन रूजला उंचावरच्या कोरड्याठाक घरात बसून सगळ्या किनाऱ्याची हजेरी घेणारा.

अर्लीन व्हेरेटला ही रीत एकेकाळी फार आवडायची. आज थिबोडोच्या आपल्या स्वयंपाकघरात बसून ती वाचत होती आणि तिला कसंसंच होत होतं. वीज गेली होती. फ्रीजरमधली कोळंबी बर्फातून सुटायला लागली होती आणि तिचा वास पडद्यांना चिकटला होता. पाणी पायरीशी येऊन थांबलं होतं, आणि त्या पाण्यावर लाल मुंग्यांचा एक जिवंत गोळा तरंगत घराला चिकटू बघत होता. अशा थाटात ती गॅसवरची काळी कॉफी पीत फोन वाचत होती.

"कार्डिनल. कुंपण गेलं."

"मॉकिंगबर्ड. काल बोंबलत होता, आजही बोंबलतोय."

"कावळा. कावळाच, दुसरं काय दिसणार आमच्या नशिबाला."

इथवर ठीक होतं. पण जरा वेळाने हजेरीचा सूर बदलला. वादळ खोल समुद्रावरची पाखरं गोळा करून जमिनीवर आणून टाकतं. जी पाखरं बघायला एरवी दोन दिवस बोटीत ओकत जावं लागतं, ती वादळानंतर तळ्यात, शेतात, दुकानांच्या आवारात दमून पडलेली सापडतात. त्यामुळे लोकांची घरं बुडतात तेव्हा या मंडळींचा सण असतो. कुणी तोंडाने म्हणत नाही, पण सगळे वर्षभर त्याची वाट बघतात. "अजून कुणाला काही भारी दिसलं का?" असं एकाने विचारलं, आणि खाली चाळीस जणांनी टाळ्या ठोकल्या.

तेवढ्यात ओडील नाकँचं नाव आलं.

ओडील गटातली सगळ्यात म्हातारी. खाली बायूच्या, म्हणजे दलदलीतल्या संथ ओढ्याच्या टोकाला, जिथे जमीन संपून गवताळ पाणी लागतं तिथे एकटी राहायची. आजूबाजूच्यांनी घरं केव्हाच खांबांवर चढवली होती, हिने नाही. "मी चढायची कशी वर?" म्हणायची. वादळाआधी गाव सोडा म्हणून सांगायला माणसं आली तर त्यांना कॉफी पाजून परत पाठवायची. अर्लीन तिला खेकड्यांच्या जेवणात दोनदाच भेटली होती. दोन्ही वेळा ओडीलने तिच्या ताटातले खेकडे फोडून दिले होते, कारण "तुला काही जमत नाही, पोरी."

ओडीलने लिहिलं होतं: "काळ्या टोपीचं पेट्रेल. माळ्याच्या झरोक्यातून, हातभर अंतरावर, पाण्यावर बसलेलं."

त्याच्यापुढे हिरवी खूण. ओडील नाकँ हजर.

आणि मग गटात जो हलकल्लोळ माजला तो काय सांगावा! काळ्या टोपीचं पेट्रेल म्हणजे खोल समुद्राचं पाखरू, जमिनीवरून आजवर गटातल्या एकालाही दिसलेलं नाही. कुणी म्हणालं, अशक्य. कुणी म्हणालं, म्हातारीने साधी सुरय बघितली असणार. मानेवरचा पांढरा पट्टा दिसला का? चोच जाड होती की बारीक? हातभर अंतरावर म्हणजे अजिबात विश्वास बसत नाही, एवढं जवळ कुठलं समुद्री पाखरू बसू देतं? एकाने तर लिहिलं, "ओडीलबद्दल पूर्ण आदर ठेवून म्हणतो, पण या वयात डोळे फसवतात." पूर्ण आदर ठेवून! अर्लीनने कॉफीचा कप इतक्या जोरात ठेवला की अर्धी टेबलावर सांडली.

तिने तीस वर्षं कोर्टात साक्षी टिपल्या होत्या. साक्षीदार काय म्हणाला आणि त्याच्या म्हणण्यातून काय कबूल झालं, या दोन गोष्टी तिला वेगळ्या ऐकू यायच्या. ओडीलचं वाक्य तिने पुन्हा वाचलं. पाखरू पाण्यावर बसलंय. झरोक्यापासून हातभर. झरोका माळ्याचा. आणि घर खांबांवर नाही, जमिनीवर.

म्हणजे पाणी माळ्याला लागलंय आणि ओडील त्या माळ्यावर आहे.

शेकडो माणसांनी ते वाक्य वाचलं होतं. सगळ्यांनी पाखरू वाचलं. पाणी एकानेही वाचलं नव्हतं.

तिने ओडीलला फोन लावला, तो लागला नाही. मदतीच्या सरकारी नंबरवर बऱ्याच वेळाने एक थकलेली मुलगी आली. बायूचा बांध फुटलाय, बोटी कमी आहेत, सगळ्या शहराच्या बाजूला गुंतल्यात, पत्ता द्या म्हणजे नोंदवून घेते, असं ती म्हणाली. पत्ता अर्लीनकडे नव्हता. तेव्हा तिच्या लक्षात आलं की ओडीलच्या नोंदीखाली बारीक अक्षरात एक ओळ होती: "कारभाऱ्याने नोंदीत बदल केला आहे."

तिने प्रेस्टनला फोन लावला.

"प्रेस्टन, ओडीलचा पत्ता दे."

"आधी नमस्कार तरी कर, अर्लीन. घर ठीक ना तुझं? तुझी हजेरी नाही आली अजून."

"घर गेलं खड्ड्यात. ओडीलच्या नोंदीतून तू काय काढलंस?"

"शेवटची ओळ. घराचा पत्ता टाकला होता तिने. नियम तुला ठाऊक आहे, दुर्मीळ पाखराचा ठावठिकाणा उघड ठेवायचा नाही. त्या घुबडाच्या घरट्याचं काय झालं मागे? दीडशे माणसं जाऊन उभी राहिली आणि घुबड पिल्लं टाकून पळालं."

"ती माळ्यावर आहे, प्रेस्टन."

"हो, तिथून छान दिसत असणार."

अर्लीन एखाद्या मतिमंद साक्षीदाराशी बोलावं तसं एकेक शब्द सुटा करून बोलली. "पाखरू पाण्यावर बसलंय. माळ्याच्या झरोक्यापासून हातभर. मग पाणी कुठे आहे?"

पलीकडे घसा खाकरल्याचा आवाज.

"अंदाजाने लिहिलं असेल गं. म्हाताऱ्या माणसांना अंतराचा अंदाज राहत नाही. मला पहिल्यापासून त्या अंतराची शंकाच होती."

"तुला पाखराची शंका होती!"

"ओरडू नकोस. हे बघ, ट्रेंट गॅस्पार जाऊन आला तिथे. मीच त्याला खाजगीत पत्ता दिला, पडताळणीसाठी. बोट घेऊन गेले होते तिघं. काही भानगड असती तर बोलला असता की तो. उलट त्याने फोटो काढलाय, आत्ताच टाकला. बघ तरी! ओडीलचं म्हणणं सोळा आणे खरं निघालं. मीच तिचं अभिनंदन करणार आहे गटातर्फे."

अर्लीनने फोन कानापासून काढून फोटो उघडला. फोटो झकास होता, त्यात वाद नाही. तपकिरी पाण्यावर डिझेलचा तवंग, त्यावर ते पांढऱ्या मानेचं, काळ्या टोपीचं पाखरू, पंख अर्धवट पसरून दमलेलं. खाली कौतुकाचा पूर. "जन्माचं सार्थक झालं, ट्रेंट!" "डोळ्यातली चमक बघा!" आणि एक सूचना: "मागचा तो झरोका जरा खटकतो. कापून टाकलास तर फोटो स्पर्धेला पाठवता येईल."

तिने तो खटकणारा झरोका बोटांनी मोठा केला. लाकडी पट्ट्या तुटलेल्या होत्या. काळ्या भोकातून एक हात कोपरापर्यंत बाहेर आला होता आणि त्या हातात फुलाफुलांचं ओट्यावरचं फडकं होतं.

अर्लीनने फोन पुन्हा कानाला लावला.

"प्रेस्टन," ती म्हणाली, "फोटोतला हात बघ. आणि पत्ता बोल. नाहीतर मी आत्ता गाडी काढून बॅटन रूजला येते आणि तुझे सगळे दात तुझ्याच पकडीने काढते."

त्याने पत्ता दिला. लिरेट गल्लीतलं शेवटचं निळं घर. आणि फोन ठेवता ठेवता म्हणाला, "फक्त गटावर टाकू नकोस हं, गर्दी होईल."

तिने पत्ता त्या सरकारी मुलीला कळवला. बोट कधी जाईल ते मुलीला सांगता येईना, म्हणून अर्लीन थेट ज्यूल्सकडे गेली.

ज्यूल्स तिच्या बहिणीचा नवरा. खेकडे धरायची त्याची चपटी बोट घरामागच्या ओढ्याला बांधलेली असायची. वादळाने तिच्यावर एक झाड पाडलं होतं आणि ज्यूल्स करवतीने फांद्या तोडत शिव्या घालत होता.

"पाखरवाल्यांचं काम असेल तर मी नाही येणार," तो तिला बघून आधीच म्हणाला. "मागच्या वेळी तुझ्या त्या मित्रांनी बगळ्यापायी मला चिखलात अर्धा दिवस उभं केलं होतं."

"म्हातारी बाई माळ्यावर अडकलीये, ज्यूल्स. बांधाच्या खाली."

ज्यूल्सने करवत फेकली. "मग आधी बोलायचं ना, बाई! चढ."

पुढचा रस्ता रस्ता नव्हताच. रस्त्याच्या पाट्या पाण्यातून तेवढ्या मुंड्या काढून उभ्या होत्या आणि ज्यूल्स त्यांच्यावरून वळणं घेत होता. पाण्याला गटार, रॉकेल आणि मेलेल्या जनावरांचा मिळून एक वास होता. तो नाकात शिरला की घशात उतरायचा आणि जिभेवर बसायचा. फुगलेला एक कुत्रा बोटीला घासून गेला. एका दुकानाचं अख्खं शीतकपाट तरंगत होतं आणि त्यातून मांसाचे पुडे सुटून पाण्यावर पसरले होते. अर्लीनने रुमाल नाकाला लावला आणि मग काढून टाकला. काही उपयोगच नव्हता. मध्येच इंजिनात गवत अडकायचं, ज्यूल्स ते उपसायचा, आणि इंजिन आधीपेक्षा जास्त खोकत पुन्हा सुरू व्हायचं.

निळ्या घराचं निळेपण फक्त वरच्या त्रिकोणापुरतं उरलं होतं. झरोक्यातून ओडील अर्धी बाहेर आलेली दिसली. दुर्बिणीच्या तिपाईने तिने पट्ट्या फोडल्या होत्या आणि भोक आणखी मोठं करायला तिच्या अंगात जोर उरला नव्हता. ज्यूल्सने कुऱ्हाडीने चार पट्ट्या उडवल्या आणि दोघांनी मिळून तिला बोटीत घेतलं. तिचे पाय पाण्याने पांढरे पडून सुरकुतले होते. ओठ काळेनिळे. अंगावरचा गाउन कमरेपर्यंत चिखलाने माखला होता आणि मुंग्यांनी दंड फोडून काढले होते.

"अर्लीन का तू?" ती म्हणाली. "तुझी हजेरी नव्हती, म्हणून मला काळजी लागली होती."

अर्लीनने आपला कोट तिच्याभोवती गुंडाळला. रडू येत होतं आणि रागही येत होता, त्यातला राग आधी बाहेर पडला.

"मदत हवी म्हणून सरळ लिहिता येत नव्हतं का? 'बुडतेय' एवढा एक शब्द?"

"एकदाच फोन लागला, पोरी. तो वर धरला की सुटायचा, खाली धरला की सुटायचा. म्हटलं पाण्याची उंची लिहिलीये, पत्ता लिहिलाय, आणखी काय लिहू? आपली माणसं एकेक अक्षर वाचतात." ती थोडी ओशाळून पुढे म्हणाली, "आणि हजेरीत रडगाणं कुणी लिहीत नाही."

"ट्रेंट आला होता ना इथे?"

ओडील गवत अडकलेल्या इंजिनाकडे बघत राहिली.

"बोट आली होती. पुढे बसलेला जो होता, कॅमेऱ्यावाला, त्याने मला बघितलं. चांगलं डोळ्यांत बघितलं. मी हाक मारायला तोंड उघडलं तर त्याने ओठांवर बोट ठेवलं. शू म्हणाला."

"काय म्हणाला?"

"शू. पाखरू मधे होतं ना, त्याच्या आणि माझ्या."

ज्यूल्सने इंजिनातलं गवत उपसायचं सोडून मान वर केली. "आणि तू?"

"मी गप्प बसले," ओडील म्हणाली. "सवय आहे रे जन्माची. कुणी शू म्हटलं की आपण आधी गप्प बसतो, मग बघतो कशासाठी ते. मला वाटलं, फोटो झाला की घेतील मला. फोटो झाला, तशी बोट मागे मागे वल्हवत गेली, अगदी अलगद, पाणीसुद्धा हललं नाही. मग लांब जाऊन त्यांनी इंजिन सुरू केलं. तेव्हा ओरडले मी, पण तेव्हा काय उपयोग."

अर्लीन बोटीच्या काठावरून पाण्यात थुंकली. तोंडातली ती चव जाईना. माणसाला बघून शू म्हणणारा एक, आणि ते ऐकून गप्प बसणारी दुसरी, आणि फोटोतला झरोका कापून टाका म्हणणारे बाकीचे. आणि ती स्वतः याच लोकांबरोबर वर्षानुवर्षं दलदलीत पहाटे उभी राहिली होती, एकमेकांना शू शू करत. तिला सगळ्यांचीच किळस आली.

"पाखराचं काय झालं मग?" ज्यूल्सने विचारलं. विचारायला दुसरं काही सुचलं नसावं.

"मेलं. पंख फडफडवले दोनदा आणि पालथं झालं. मी काढणार होते, पण हात पुरला नाही." ओडील सरळ झाली आणि तिने मागे बोट दाखवलं. "ते सोड. त्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी लिरेटची सून छपरावर आहे. तीन पोरं आहेत तिची. सकाळपर्यंत ओरडत होते, ऐकू येत होतं. आता ओरडत नाहीत. तिकडे घे बोट."

ज्यूल्सने बोट वळवली, आणि त्याच क्षणी इंजिन घशात काहीतरी अडकल्यासारखं गुरगुरून कायमचं बंद पडलं. त्याने दोरी ओढओढून हाताची सालं काढली. बोट आधीच पाणी आत घेत होती. वल्ह्याने प्रवाहाविरुद्ध जाणं शक्य नव्हतं. प्रवाह त्यांना बांधाबाहेरच्या पुलाकडे नेत होता. ओडील छपराकडे बघत राहिली आणि छप्पर लांब लांब गेलं.

पुलापाशी बोटी पाण्यात सोडायचा सिमेंटचा उतार होता, तिथे जमीन कोरडी होती. आणि तिथे जत्रा भरली होती! दुर्बिणी तिपायांवर चढलेल्या. घडीच्या खुर्च्या. कुणीतरी बूदँचा, म्हणजे भात भरलेल्या सॉसेजचा डबा उघडला होता आणि थर्मासमधून कॉफी फिरत होती. उताराला पाच-सहा बोटी बांधलेल्या, चांगल्या मोठ्या इंजिनांच्या. पुलाच्या आसपास एवढंच कानोकानी कळून लाफिएटपासून माणसं आली होती, पेट्रेलसाठी.

ओडीलला बघून त्यांनी टाळ्या वाजवल्या. "मिस ओडील! देव पावला! आम्हाला किती काळजी लागली होती!" कुणीतरी लगेच फोटो काढून गटावर टाकला, आणि गटावर हृदयांचा पाऊस पडला. प्रेस्टनने लिहिलं, "आमचं कुटुंब पुन्हा एकदा पूर्ण झालं." कुटुंब! अर्लीनने ते वाचलं आणि फोन खिशात कोंबला.

"गल्लीच्या तोंडाशी छपरावर बाई आहे," ती सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडली. "तीन लहान पोरं आहेत. आमचं इंजिन गेलं. कुणाची बोट येतेय?"

टाळ्या थांबल्या. माणसं एकमेकांकडे बघायला लागली.

"सरकारी बोटींना कळवलंत का?" एकाने विचारलं.

"खाजगी बोटींनी बांधाच्या आत जाऊ नये असं रेडिओवर सांगत होते," दुसरा म्हणाला.

"माझी बोट उधारीची आहे हो. विजेच्या तारा असतात पाण्यात. काही झालं तर?"

"आम्हाला संध्याकाळच्या आत परत निघायचंय."

"आपल्याला शिक्षण नाही ना त्याचं," चौथा अगदी मनापासून म्हणाला. "उगाच आपण गेलो तर मदत करायची सोडून अडचण व्हायची."

ज्यूल्सने एकाच्या इंजिनाला हात घातला तर त्याने मध्ये येऊन विनयाने तो हात बाजूला केला. अर्लीन एकेका तोंडाकडे बघत होती. सगळी धुतलेली, सभ्य, दयाळू तोंडं. कुणाच्या हनुवटीला बूदँचा भात चिकटलेला. तिला वाटलं, आत्ता इथे ओकारी झाली तर बरं होईल, निदान काहीतरी खरं घडेल.

गर्दीतून ट्रेंट गॅस्पार पुढे आला. तिशीतला, देखणा, गळ्यात तो कॅमेरा. त्याने गुडघे टेकून ओडीलचा हात हातात घेतला.

"मिस ओडील, मला खरंच कल्पना नव्हती. मला वाटलं तुम्हीही बघताय. तुम्ही गप्प बसलात ना, म्हणून वाटलं सगळं ठीक आहे."

अर्लीनचा हात उठलाच होता. पण ओडीलने ट्रेंटच्या गालावर थोपटलं आणि हसली. त्या काळ्यानिळ्या ओठांनी एवढं गोड हसणं अर्लीनला बघवेना. आता ही बया याला माफ करणार, असं तिला वाटलं, आणि ती तोंड फिरवणार होती.

"छान आला फोटो, असं कळलं," ओडील म्हणाली. "पण एकच काढलास होय रे?"

"एकच नीट आलाय. पाण्यावरचा. उडतानाचा मिळाला असता तर…" त्याने सुस्कारा सोडला.

"उडालं की ते. तुम्ही गेल्यावर."

आजूबाजूचे सगळे एक पाऊल जवळ आले.

"उडालं?" ट्रेंटचा आवाज बसला. "कुणीकडे गेलं?"

"गल्लीच्या तोंडाशी. लिरेटचं घर आहे ना, पत्र्याच्या छपराचं, तिथे उतरलं. छपराच्या कडेला. दमलंय ते, लांब जायचं नाही. आणि," ओडीलने आवाज खाली आणला, तसे सगळे खाली वाकले, "त्याच्याबरोबर दुसरं होतं. जोडी आहे."

यानंतर जे झालं त्याला वेळ लागला नाही. खुर्च्या उलटल्या, कॉफी सांडली. उधारीच्या बोटीवाला पहिल्यांदा सुटला. ज्याला संध्याकाळच्या आत परतायचं होतं तो दोर सोडता सोडता स्वतःच पाण्यात पडला आणि हसत वर चढला. विजेच्या तारा, रेडिओ, शिक्षण, कुणाला काही आठवलं नाही. इंजिनं एकदम धडधडली आणि सगळ्या बोटी बांधाच्या आत शिरल्या, एकमेकींच्या पुढे जायला बघत. ट्रेंटची सगळ्यात पुढे होती.

उतारावर ओडील, अर्लीन आणि ज्यूल्स राहिले, आणि बूदँचा उघडा डबा.

"पेट्रेल मेलं म्हणालीस ना?" ज्यूल्सने विचारलं.

"मेलंच," ओडील म्हणाली. "मला कॉफी दे कुणीतरी. थंडी वाजतेय."

अर्लीनने थर्मासातली कॉफी ओतून तिच्या हातात कप दिला. ओडील पाण्याकडे बघत राहिली. इंजिनांचा आवाज लांब जाऊन थांबला आणि मग बराच वेळ काही नव्हतं. अर्लीनच्या मनात सगळं येऊन गेलं: त्यांना छप्पर सापडलं नसेल, सापडलं असेल आणि छपरावर कुणी उरलं नसेल, किंवा असेल आणि ट्रेंटने पुन्हा ओठांवर बोट ठेवलं असेल. शेवटचं तिला सगळ्यात शक्य वाटलं, आणि तिला त्याची भीती वाटली.

मग एक बोट परत येताना दिसली. ट्रेंटचीच. तिच्या मध्यभागी एक बाई बसली होती, मांडीवर तान्हं मूल, दोन्ही बाजूंना दोन पोरं, एकाच्या अंगात ट्रेंटचा महागडा रेनकोट. बाई मान खाली घालून हुंदके देत होती. पोरं गप्प होती. जिवंत होती.

बोट उताराला लागली. अर्लीन आणि ज्यूल्स गुडघाभर पाण्यात धावले आणि पोरांना एकेक करून बाहेर काढलं. ट्रेंट बोटीतच उभा राहिला. त्याने त्या बाईकडे बघितलं नाही, पोरांकडे बघितलं नाही. त्याचा चेहरा पडलेला होता.

"मिस ओडील," तो म्हणाला, "छपरावर काहीच नव्हतं हो. आम्ही सगळीकडे बघितलं. बाकीचे अजून शोधतायत."

ओडीलने तान्ह्या मुलाला जवळ घेतलं होतं आणि आपल्या अंगावरच्या कोटाचा अर्धा भाग त्याच्यावर ओढला होता. तिने वर बघितलं ते अगदी भोळ्या डोळ्यांनी.

"नव्हतं? अरेरे! मग पुढे गेलं असेल," ती म्हणाली. लिरेटच्या सुनेकडे वळून तिने हळूच विचारलं, "पुढे कोण कोण राहिलंय गं?"

"शाळेत, मावशी," ती बाई हुंदका आवरत म्हणाली. "शाळेच्या गच्चीवर. वीसेक तरी असतील."

"शाळेच्या गच्चीवर बघ," ओडीलने ट्रेंटला सांगितलं. "आणि सगळ्या बोटी घेऊन जा रे, एकट्याला नाही दिसायचं ते."